महास्फोटाच्या जोडीला अद्वैत घ्यावं की सांख्य?

विश्वाची सुरुवात हा विषय एकदा मनात शिरला की माणूस नुसत्या विज्ञानावर फार दिवस थांबत नाही. १३८० कोटी वर्षं, पहिल्या काही मिनिटांत तयार झालेलं हेलियम, ३ लाख ८० हजार वर्षांनी मोकळा झालेला प्रकाश, हे सगळं वाचून होतं. दुसऱ्याला समजावून सांगण्याइतकं पाठही होतं. आणि मग एखाद्या रात्री गच्चीवर उभं असताना वाटतं, कसं झालं ते थोडंफार कळलं, पण हे मुळात आहे कशाला? आणि ते बघणारा मी यात कुठं बसतो? अशा वेळी आपल्याकडच्या माणसाचे पाय आपोआप दर्शनांकडे, म्हणजे भारतीय तत्त्वज्ञानाच्या जुन्या शाखांकडे, वळतात.

गेल्या दोन-तीन वर्षांत मला तिघांनी एकच प्रश्न विचारला. त्यांतला एक माझा जुना विद्यार्थी. म्हणाला, 'सर, विज्ञानाची बाजू माहीत आहे. जोडीला आपलं एक दर्शन मुळापासून अभ्यासायचं आहे. कोणतं घेऊ?' त्यांना तोंडी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितो. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं. संस्कृत कॉलेजपुरतं आणि पुढे स्वतःच्या हौसेनं केलं. त्यामुळे हे कुणा विद्वानाचं मत नाही. माझ्याकडे मोजमाप आहे ते माझ्या अनुभवाचंच.

खरी निवड दोघांतच होते. वैशेषिकांचा परमाणुवाद ऐकायला विज्ञानाच्या जवळचा वाटतो, पण तो शिकवणारं जवळपास कुणी सापडत नाही. बुद्धानं जग शाश्वत की अशाश्वत हा प्रश्नच बाजूला ठेवला: बाण लागलेल्या माणसानं आधी बाण काढावा, तो कुणी मारला याची चौकशी करत बसू नये. ते मला पटतं, पण ज्याला विश्वाच्या उगमाचाच ध्यास लागला आहे त्याची भूक तिथं भागत नाही. उरतात अद्वैत (एक ब्रह्मच खरं, जग त्यावरचा भास) आणि सांख्य (जड प्रकृती आणि चेतन पुरुष ही दोन तत्त्वं, आणि जग खरं). मी दोन्ही केली. अद्वैत आधी, सलग नऊ वर्षं. सांख्य त्यानंतर, ते अजून चालू आहे.

कोणतंही घ्या, पण एक पथ्य पहिल्या दिवसापासून पाळा. 'हे आमच्याकडे आधीच सांगितलं होतं' हे वाक्य वहीत लिहायचं नाही. यासाठी मी नेहमी जॉर्ज लमेत्र यांचं उदाहरण देतो. बेल्जियमचे हे गृहस्थ धर्मगुरू होते आणि भौतिकशास्त्रज्ञही. विश्व प्रसरण पावत असल्याचं त्यांनी १९२७ साली मांडलं आणि १९३१ साली आदिम अणूची कल्पना पुढे आणली. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी एका भाषणात या सिद्धांतात बायबलमधल्या 'प्रकाश होवो'ची साक्ष पाहिली. एखाद्या धर्मगुरूला याचा आनंद व्हायला हवा होता. लमेत्र मात्र अस्वस्थ झाले आणि आपली नापसंती त्यांनी व्हॅटिकनपर्यंत पोचवली. सिद्धांत आज आहे तसा उद्या राहील याची हमी नाही, मग श्रद्धा त्याच्या गळ्यात का बांधायची, असा त्यांचा विचार होता.

मराठी वाचकाला हे वेगळं सांगायला नको. जयंत नारळीकरांना आपण लहानपणापासून वाचत आलो, आणि त्यांनी फ्रेड हॉइल, जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर १९९३ साली महास्फोटाला पर्याय म्हणून अर्ध-स्थिर विश्वाचा सिद्धांत मांडला. बहुसंख्य शास्त्रज्ञांना तो पटला नाही, तरी नारळीकर शंका घेत राहिले, आणि ती वृत्ती मला फार मोलाची वाटते. ब्रह्मदेवाचा दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि पृथ्वीचं वय ४५४ कोटी, म्हणून हरखून जाणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. आकडे जवळ आले म्हणून विचार जवळ येत नाहीत. पुंजभौतिकीचे शास्त्रज्ञ श्रोडिंजर उपनिषदांच्या प्रेमात होते आणि ते त्यांनी उघडपणे लिहिलंही, पण १९२६ सालच्या आपल्या समीकरणात त्यांनी ब्रह्म आणलं नाही. दोन्ही वह्या शेजारी ठेवाव्यात, एकीतलं दुसरीत उतरवू नये. ही जोडी जमवायचा मला तरी हाच एक मार्ग दिसला.

आता अद्वैत.

मी त्याच्याकडे ओढला गेलो तो छांदोग्य उपनिषदाच्या सहाव्या अध्यायामुळे. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो की सुरुवातीला केवळ सत् होतं, एकच, दुसरं काही नाही. आणि लगेच पुढे स्वतःच शंका काढतो: काहीजण म्हणतात की आधी असत् होतं, पण असतातून सत् कसं जन्माला येईल? बारा वर्षं शिकून, जरा ताठ मानेनं घरी परतलेल्या मुलाला बाप हे सांगतो आहे. ते वाचताना मला वर्गातली मुलं आठवायची. इतका स्वच्छ प्रश्न मी भौतिकशास्त्राच्या पुस्तकातही क्वचितच पाहिला असेल.

अद्वैताची ताकद 'त्याच्या आधी काय?' या प्रश्नावर दिसते. महास्फोटाबद्दल व्याख्यान दिलं की हा प्रश्न हमखास येतो. काळच तिथून सुरू झाला असेल तर 'आधी' या शब्दाला अर्थ नाही, असं आपण सांगतो आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर फसवल्याची भावना दिसते. अद्वैत इथे फार सुंदर उभं राहतं. काळ, देश, कार्य, कारण हे सगळं दिसण्याच्या आतलं आहे, ज्यावर हे दिसतं ते त्यात सापडायचं नाही. हे नीट उमगलं तेव्हा काही महिने मला खरोखर शांत वाटलं. ती शांतता खोटी नव्हती. ज्याला विश्वाच्या उगमाचा प्रश्न छातीवर दगडासारखा जाणवतो, झोप लागू देत नाही, त्यानं अद्वैतच घ्यावं, असं मी आजही म्हणेन.

शिवाय आपल्या भागात अद्वैताला तोटा नाही. गावोगावी ज्ञानेश्वरीचे वर्ग आहेत, प्रवचनं आहेत, मुकुंदराजांपासूनची मराठी परंपरा आहे. शिकताना एकटेपण येत नाही. अडलं तर शेजारच्या आजोबांना विचारता येतं, आणि बहुतेक वेळा ते उत्तरही बरोबर देतात.

मग मी तिथून का हललो? एकाच गोष्टीमुळे, आणि ती बाहेरून फार किरकोळ वाटेल.

दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, जुन्नर तालुक्यात खोडदला विशाल रेडिओ दुर्बीण बघायला लोकांची रीघ लागते. शाळेच्या मुलांना घेऊन मी तिथं अनेकदा गेलो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथल्या शेताशिवारांतून २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तबकडी म्हणतात खरी, पण खाली उभं राहून वर पाहिलं तर तिच्यातून आरपार आकाश दिसतं, कारण ती बारीक पोलादी तारांची जाळी आहे. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची रेडिओ लहर सोडतो. ती फार जुन्या काळातून, फार दुरून निघालेली असेल, तर विश्वाच्या प्रसरणात ताणली जाऊन इथं पोचेपर्यंत दोन मीटरपर्यंतही लांब होते. ती ऐकण्यासाठी ही जाळी. एका वर्षी हे ऐकून मी इतका भारावलो की परतीच्या बसमध्ये मुलांशी धड बोललोही नाही.

त्याच आठवड्यात गुरुवारी आमचा अद्वैताचा वर्ग होता. आमचे शास्त्रीबुवा म्हणजे मोठे अधिकारी गृहस्थ, प्रेमळ, एकेका शब्दासाठी तासभर देणारे. मी विचारलं, 'तैत्तिरीयात आत्म्यापासून आकाश, आकाशापासून वायू, मग अग्नी, आप, पृथ्वी असा क्रम आहे. आधी हायड्रोजन, मग तारे, ताऱ्यांत कार्बन, मग आपण, असा क्रम इकडे आहे. मला दोन्ही एक आहेत असं म्हणायचं नाही. पण आपल्या क्रमाकडे आचार्य कसे बघतात? एकातून दुसरं होतं कसं?'

शास्त्रीबुवा म्हणाले, 'मास्तर, क्रमात अडकू नका. हा अध्यारोप आहे. पुढे त्याचा अपवाद करायचाच आहे. हे सगळं व्यावहारिक.'

म्हणजे समजावण्यासाठी आधी एक आरोप करायचा आणि मग तो काढून टाकायचा; आणि व्यावहारिक म्हणजे व्यवहारापुरतं खरं, अंतिम नव्हे. त्यांचं उत्तर बरोबर होतं, हे आधी सांगतो. सृष्टीची वर्णनं सृष्टी शिकवायला आलेली नाहीत, ऐक्य शिकवायला आली आहेत, असं शंकराचार्यांचंच म्हणणं आहे. त्यांच्या आधीचे अद्वैताचे आचार्य गौडपाद तर माती, लोखंड, ठिणग्या हे सगळे दृष्टांत निव्वळ उपाय म्हणून ठरवतात आणि उत्पत्ती झालीच नाही इथपर्यंत जातात. पण हेच उत्तर मला नऊ वर्षांत किती वेळा मिळालं! तारे कसे झाले, व्यावहारिक. जीव कधी आला, व्यावहारिक. विषमता कुठून आली, व्यावहारिक. मी वहीच्या समासात 'व्या.' अशी खूण करायला लागलो. त्या वर्षीची वही आजही माझ्याकडे आहे. पानामागून पान समास त्या एका अक्षरानं भरला आहे, आणि प्रत्येक 'व्या.'समोर माझा एक जिवंत प्रश्न अर्ध्यावर थांबला आहे.

अद्वैताचा लाडका दृष्टांत दोरीवरच्या सापाचा. तो मला आता एका बाजूनं अपुरा वाटतो. दोरीवरच्या सापाला वय नसतं. तो कोणत्या बिळातून आला, काय खाऊन वाढला, हे कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. पण आपल्या विश्वाला वय आहे. त्याच्या अंगावर खुणा आहेत. सगळीकडून येणारं सूक्ष्मलहरींचं पार्श्वप्रारण निरपेक्ष शून्याच्या वर जेमतेम २.७ अंश आहे. साध्या द्रव्यात वस्तुमानाच्या हिशेबानं सुमारे तीन चतुर्थांश हायड्रोजन आणि जवळपास एक चतुर्थांश हेलियम आहे. प्रत्येक आकडा सांगतो की माझ्यावर काहीतरी घडून गेलं आहे. जे नुसतं भासतं त्याला इतक्या सुसंगत खुणा कशा असतील, असं मनात येत राहिलं. अद्वैत्याकडे याचं उत्तर आहे, मला ते माहीत आहे, आणि ते समासातल्या त्या अक्षरापाशीच जातं.

सांख्यांचा दृष्टांत दुधाचा आणि दह्याचा. दह्याला मात्र वय असतं. रात्री लावलं, सकाळी लागलं. थंडीत उशिरा लागतं, उन्हाळ्यात दुपारपर्यंत आंबट होतं. दूध किती तापवलं होतं, विरजण किती घातलं, भांडं कुठं ठेवलं, सगळं विचारता येतं आणि प्रत्येक प्रश्नाला उत्तर असू शकतं. कार्य कारणात आधीपासून असतं, ते प्रकट होतं, बदल खरा असतो. याला सत्कार्यवाद म्हणतात, परिणामवाद म्हणतात. माझ्यासारख्या विज्ञान शिकवणाऱ्या माणसाला या घरात शिरताना बाहेर काही काढून ठेवावं लागलं नाही.

ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका, या दर्शनाचा आधारग्रंथ, जेमतेम ७२ आर्यांची म्हणजे श्लोकांची आहे. सहाव्या शतकात परमार्थ नावाच्या भिक्षूनं तिचं चिनी भाषांतर केलं, एवढा तिचा लौकिक होता. मी पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा सातव्या आर्येपाशी थांबलो आणि आठवडाभर पुढे गेलो नाही. असलेली वस्तू दिसत का नाही, याची आठ कारणं तिथं दिली आहेत: फार लांब असणं, फार जवळ असणं, इंद्रिय बिघडलेलं असणं, मन ठिकाणावर नसणं, वस्तू सूक्ष्म असणं, मध्ये आडोसा असणं, दुसऱ्या प्रबळ गोष्टीनं ती झाकोळली जाणं आणि सारख्याच गोष्टींत मिसळून जाणं. जुने टीकाकार उदाहरणं देतात तीही घरातली आहेत. फार जवळ म्हणजे डोळ्यातलं काजळ. झाकोळणं म्हणजे सूर्यापुढे दिवसा न दिसणारे ग्रहतारे. मिसळणं म्हणजे मुगाच्या राशीत टाकलेला मूग.

ही यादी वाचताना मला आमच्या घरचा जुना ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आठवला. केंद्राचं प्रक्षेपण संपलं की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि सूं असा आवाज. त्या मुंग्यांतला एक लहानसा अंश हा विश्वाच्या सुरुवातीच्या प्रकाशाचा असतो, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. म्हणजे सगळं जग ज्याच्या शोधात होतं ते आमच्या पुढच्या खोलीत येत होतं आणि आम्ही उठून टीव्ही बंद करत होतो. मुगाच्या राशीतला मूग. न्यू जर्सीत १९६४ साली आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना तोच मूग सापडला. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनात सगळ्या दिशांकडून सारखाच खरखराट येत होता. त्यांनी उपकरण तपासलं, आत घरटं केलेली कबुतरं हाकलली, घाण साफ केली. खरखराट तसाच. १९७८ साली त्याच खरखराटासाठी नोबेल मिळालं. खोडदला आम्हाला मोबाइल बंद ठेवायला सांगितलं, तेव्हा मी मुलांना हीच आर्या म्हणून दाखवली. एका फोनचा आवाज कोट्यवधी वर्षं प्रवास करून आलेल्या लहरीला झाकोळून टाकतो, तो अभिभव.

आठवी आर्या तर मी गच्चीच्या दाराशी चिकटवून ठेवली आहे. मूळ प्रकृती दिसत नाही ती सूक्ष्म आहे म्हणून, नाही आहे म्हणून नव्हे. तिच्या कार्यावरून ती कळते. १९३३ साली फ्रिट्झ झ्विकी यांनी एका दीर्घिकासमूहाच्या गतीवरून, दिसतं त्याहून कितीतरी जास्त द्रव्य तिथं असलं पाहिजे, असं अनुमान काढलं. आज त्याला आपण डार्क मॅटर म्हणतो आणि अजून कुणी ते हाताळलेलं नाही. सांख्यांना डार्क मॅटर माहीत होतं असं मी चुकूनही म्हणणार नाही. विचार करायची रीत मात्र तीच आहे: दिसत नाही म्हणून नाकारू नका, दिसत नाही म्हणून काहीही मानूही नका, कार्य काय दिसतं ते सांगा. विश्वाचा अभ्यास करणाऱ्याला याहून जवळची सोबत कोणती असेल?

आणि साम्यावस्था. सत्त्व, रज, तम यांचा समतोल म्हणजे प्रकृती. तो ढळला की सृष्टी सुरू होते. गुण म्हणजे अमुक कण आणि तमुक बल, अशी चित्रं काढणारे लेख मी वाचले आहेत, ती वाट टाळा. पण हे पाहा: ते पार्श्वप्रारण सगळीकडे जवळजवळ सारखं आहे. फरक आहे तो लाखात एका भागाचा. १९९२ साली कोबे उपग्रहाच्या निरीक्षणांतून तो फरक दिसला. त्या एवढ्याशा उंचसखलपणातून पुढे दीर्घिका, तारे, आपण. तो नसता तर सगळं सपाट, गुळगुळीत राहिलं असतं. मग तो आला कुठून? अतिवेगवान प्रसरणाच्या काळातल्या पुंजीय हेलकाव्यांतून, असं आज बहुतेक जण मानतात, आणि त्यावरही वाद आहेत. समतोल कुणी ढळवला, हाच सांख्यांचाही सगळ्यात अवघड प्रश्न आहे. उत्तरं जुळतात की नाही याच्याशी मला फारसं कर्तव्य नाही. दोघं एकाच जागी अडखळतात, आणि कुणीच ते लपवत नाही, याचा मला आधार वाटतो.

सांख्यातही खटकणाऱ्या गोष्टी आहेत, त्या न सांगणं बरं नव्हे. क्रमात महत् म्हणजे बुद्धी आधी येते, मग अहंकार, आणि पंचमहाभूतं सगळ्यात शेवटी. विज्ञानात नेमकं उलटं, बुद्धी अगदी अलीकडची. काही अभ्यासक म्हणतात की हा क्रम विश्वाचा नसून अनुभवाचा आहे, डोळे उघडल्यावर जग आपल्यापुढे कसं उभं राहतं त्याचा आहे. मला ते बरंचसं पटतं, पण पूर्ण समाधान झालेलं नाही. पुरुष आणि प्रकृती यांची गाठ कशी पडते तेही धूसर राहतं. आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा बसतो हा दृष्टांत गोड आहे, पण आंधळा आणि पांगळा दोघंही बोलू शकतात, ठरवू शकतात. इथे प्रकृती जड आणि पुरुष काहीच न करणारा.

शंकराचार्यांनी सांख्यांना प्रधानमल्ल म्हटलं, म्हणजे आधी ज्याला चीत करायचं तो मुख्य पैलवान, आणि त्यांचे काही डाव खरोखर लागतात. वासरासाठी गाईला पान्हा फुटतो तशी जड प्रकृती पुरुषासाठी आपोआप वळते, असं सांख्य म्हणतो. गवताचंही आपोआप दूध होतं, असं कुणी त्याच्या बाजूनं म्हणालं, तर आचार्य म्हणतात की गाईनं खाल्लेल्या गवताचं होतं, बैलानं खाल्लेल्या गवताचं का होत नाही? याला मी अजून नीट उत्तर देऊ शकत नाही.

व्यवहाराच्या अडचणीही सांख्याच्याच वाट्याला जास्त. शिकवणारे फार थोडे. लोकांना सांख्य म्हटलं की गीतेचा दुसरा अध्याय आठवतो, आणि तिथं तो शब्द वेगळ्याच अर्थानं येतो. गीतेतूनच जायचं असेल तर तेराव्या अध्यायापासून जावं, तिथं एका श्लोकात चोवीस तत्त्वं मोजली आहेत. मराठीत सगळ्यात भरवशाचं दार मला टिळकांच्या गीतारहस्यातलं सातवं आणि आठवं प्रकरण वाटतं. मंडालेच्या तुरुंगात बसून त्यांनी सांख्याचे आद्य आचार्य मानले जाणाऱ्या कपिलाशेजारी डार्विन आणि जर्मन जीवशास्त्रज्ञ हेकेल यांना बसवलं. ते पुस्तक आलं १९१५ साली, विश्व पसरतंय हे कळायच्याही आधी, त्यामुळे त्यातलं विज्ञान आता जुनं झालं आहे. सांख्याची मांडणी मात्र आजही तितकीच ताजी लागते. टिळक स्वतः पुढच्या प्रकरणात वेदांताकडे जातात, तेही वाचावं. नंतर मूळ कारिका आणि गौडपादभाष्य. हे गौडपाद मांडूक्य उपनिषदावर लिहिणारे ते वरचेच का, यावर वाद आहे, पण भाष्य सोपं आहे. वाचस्पती मिश्रांची टीका दुसऱ्या वर्षी.

ज्याला अद्वैतही सोडवत नाही आणि 'व्यावहारिक'चा काचही सोसवत नाही, त्यानं अमृतानुभव उघडून पाहावा. ज्ञानदेवांनी सातव्या प्रकरणात अज्ञानाचं जे खंडन केलं आहे ते वाचताना, जग भास म्हणून पुसून टाकण्यापेक्षा चैतन्याचाच विलास म्हणून बघायची एक तिसरी वाट दिसते. माझा त्याचा अभ्यास अजून कोवळा आहे, म्हणून जास्त लिहीत नाही.

एक अडचण घरातली. आमच्याकडे संध्याकाळी हरिपाठ असतो. अद्वैत शिकत होतो तेव्हा दोन्ही एकमेकांत सहज मिसळायचं. सांख्य कोरडं आहे. त्यात भजन नाही, नामस्मरण नाही, कारिकेत ईश्वराची बाजूच कुणी मांडत नाही. ज्याचं मन भक्तीवर पोसलं आहे त्याला हे पहिलं वर्ष जड जाईल, मलाही गेलं. विज्ञानाची सवय असलेला, प्रश्न मिटण्यापेक्षा पुढे गेलेला ज्याला आवडतो, आणि ज्याला जगाच्या खरेपणावरून हात काढायचा नाही, त्याला मात्र मी बिचकत का होईना सांख्याकडे पाठवेन. त्या जुन्या विद्यार्थ्यालाही तेच सांगितलं. तो सध्या सातव्या आर्येवर आहे.

शास्त्रीबुवांकडे मी अजून गुरुवारी जातो. आमचं प्रेम कमी झालेलं नाही. पण शंकराचार्यांचा खरा आक्षेप मला ऐकू आला तो त्यांच्याकडून नाही, आईकडून. ती नव्वदीला टेकली आहे. एका रात्री मी स्वयंपाकघरात बसून कारिका वाचत होतो आणि ती ओट्यापाशी उद्याचं दही लावत होती. म्हणाली, 'काय आहे रे त्यात?' मी दुधाचं आणि दह्याचं सांगितलं. विश्व दह्यासारखं लागलं, दूध होतंच, कुणी बाहेरून घडवलं नाही. तिनं ऐकून घेतलं. चमच्याच्या टोकावर विरजण घेतलेलं होतं, ते दुधात सोडून हळूहळू ढवळलं आणि विचारलं, 'मग विरजण कुणी घातलं?'

मी म्हटलं, 'कालच्या दह्यातलं. आधीचं एक विश्व होतं, त्यात उरलेलं.'

ती भांड्यावर झाकण ठेवत म्हणाली, 'आणि कालच्याला?'

त्या रात्री मी तो प्रश्न वहीत लिहून ठेवला. या वेळी समासात नाही, पानाच्या मधोमध.